मानसिक आरोग्यासाठी दिलेला पैसा: तो कुठे जातो आणि कुठे जायला हवा?

आजचा विषय पैशाचा आहे, तेव्हा सुरुवातही पैशानेच करू.

आम्ही काही जण मिळून एका तालुक्याच्या गावी मानसिक आजार असलेल्या माणसांच्या कुटुंबांसाठी गट चालवतो. मागे एका सज्जन गृहस्थांचा फोन आला. म्हणाले, "तुमच्या कामाबद्दल ऐकून आहे. वडिलांच्या स्मरणार्थ एक खोली बांधून देतो, पंख्यांसकट." आम्ही म्हटलं, "काका, खोली आहे. शाळेची आहे, रविवारी मोकळीच असते. घरोघरी जाणाऱ्या आमच्या ताईंचं वर्षभराचं मानधन मिळालं तर फार बरं होईल." पलीकडे जरा शांतता. मग काका म्हणाले, "पगाराला देणगी? ते काही मनाला पटत नाही हो."

काकांना आम्ही दोष देत नाही. आपल्याकडे दानाची रीतच तशी आहे. देवळाच्या पायरीवर नाव, शाळेच्या वर्गावर पाटी. दिलेल्या पैशातून काहीतरी उभं राहिलेलं डोळ्यांना दिसावं, असं देणाऱ्याला वाटतं आणि त्यात गैर काही नाही. अडचण अशी की मानसिक आरोग्याच्या कामात जे उभं राहतं ते सहसा दिसत नाही. मुलाने सहा महिने गोळ्या सोडल्या नाहीत. आईला रात्रभर झोप लागली. बाप शेजाऱ्यांसमोर आजाराचं नाव घेऊ शकला. याचा फोटो कसा काढणार?

आज आपल्याला एकच मुद्दा नीट समजून घ्यायचा आहे. या कामात पैसा मुख्यतः माणसाच्या वेळेवर खर्च करावा लागतो, आणि तो वेळ मध्येच तुटला तर त्याची किंमत कुटुंबाला मोजावी लागते.

गरज किती आणि सरकार काय करतं?

बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण देशाचं चित्र त्यातून कळतं. सर्वेक्षणाच्या वेळी दर १०० प्रौढांपैकी १० ते ११ जणांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता. संपूर्ण देशाचा हिशेब केला तर मदतीची गरज असलेली माणसं १५ कोटींच्या घरात जातात. आणि आजारानुसार त्यातल्या ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. ही जी दरी आहे, ती लक्षात ठेवा.

आता कोणी म्हणेल, सरकार काय करतं? सरकार करतं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून. २०१७ साली मानसिक आरोग्यसेवा कायदा झाला आणि २०१८ पासून तो लागू झाला. या कायद्याने उपचार मिळण्याचा हक्क दिला, तसाच समाजात राहण्याचा हक्कही दिला. म्हणजे घरच्यांना नको आहे, किंवा राहायला दुसरी जागा नाही, एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवून देता येत नाही. २०२२ पासून टेली-मानस ही मोफत फोनसेवा आहे. १४४१६ हा नंबर लिहून घ्या, त्यावर मराठीत बोलता येतं.

मग देणगी कशाला हवी? तर केंद्राच्या आरोग्य खर्चातला साधारण एक टक्काच मानसिक आरोग्याच्या वाट्याला येतो आणि त्यातलाही मोठा हिस्सा मोठ्या संस्थांकडे जातो. जिल्हा रुग्णालयात डॉक्टर असतात, गोळ्या मिळतात. पण रुग्णालय आणि घर यांच्यामध्ये जो रस्ता आहे, तो कुटुंबाला एकट्यानेच चालावा लागतो. त्या रस्त्यावर सोबत करणारं माणूस कुठल्याच खात्याच्या यादीत नीट बसत नाही. देणगीची खरी जागा तिथे आहे.

कुटुंबाला नेमकं काय लागतं?

आपल्याकडे या क्षेत्रात दोन छान शब्द रुळले आहेत. ज्याला आजार आहे तो शुभार्थी आणि जो त्याची काळजी घेतो तो शुभंकर. 'रुग्ण' म्हटलं की माणूस खाटेवर दिसतो. 'शुभार्थी' म्हटलं की बरं होऊ पाहणारा माणूस दिसतो.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. आई शेतमजुरी करते. मुलगा चोवीस वर्षांचा, कॉलेज अर्धवट सोडलेला. आपल्याविषयी लोक बोलतात, असं त्याला सारखं वाटतं. रात्री तो फेऱ्या मारतो. घरच्यांनी आधी बाहेरचं काही असेल म्हणून दोन-तीन ठिकाणी नेलं, त्यात हजारो रुपये गेले. मग कोणीतरी जिल्हा रुग्णालय सुचवलं. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला, गोळ्या दिल्या आणि महिन्याने बोलावलं.

त्या दिवसानंतर या माउलीला काय लागतं बघा. आजार म्हणजे काय, हे तिच्या भाषेत समजावून सांगणारं कोणी. दर महिन्याला दोघांचं एसटीचं भाडं, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळी. मुलगा गोळ्या नको म्हणाला तर काय करायचं, हे विचारायला एक फोन नंबर. मानसिक आजारामुळे येणारं अपंगत्व २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात धरलेलं आहे, त्याचं प्रमाणपत्र काढायला सोबत. धाकट्या बहिणीचं लग्न मोडेल या भीतीबद्दल मोकळेपणाने बोलायला एक जागा. आणि सगळ्यांत शेवटी, रात्री दिवा मालवल्यावर डोक्यात येणारा प्रश्न: आमच्यामागे याचं कोण?

यातली एकही गोष्ट यंत्राने होत नाही, आणि एका दिवसाच्या शिबिराने तर होतच नाही. शिबिरात तपासणी होते, चिठ्ठी मिळते, फोटो येतो. पुढच्या महिन्यात त्या घरी कोण जाणार, हा प्रश्न तसाच राहतो.

पैसा लागी कसा लागला, याची काही उदाहरणं

पहिलं उदाहरण तुमच्या ओळखीचं आहे. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं. ब्राउन शुगरच्या व्यसनाबद्दल अनिल अवचटांनी लिहिलेलं वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी एक लाख रुपयांची देणगी दिली. जागा मिळाली ती येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, म्हणजे सरकारी. आणि कामाची धुरा घेतली ती त्याच रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. सुनंदा अवचट यांनी. जागा सरकारची, पहिलं बळ देणगीचं, ज्ञान आणि वेळ कामातल्या माणसांचा. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून केंद्र उभं राहिलं. आणखी एक गोष्ट अशी की व्यसनी माणसाच्या पत्नीला तिथे सुरुवातीपासून उपचाराचाच भाग मानलं गेलं. बायकांसाठी 'सहचरी' हा वेगळा गट चालतो.

दुसरं उदाहरण परदेशस्थ मराठी माणसाचं. डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला आणि शुभंकर असणं म्हणजे काय ते त्यांनी घरातच अनुभवलं. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी करण्यात पुढाकार घेतला. त्यांच्याच पुढाकारातून २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट आला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल. त्यात आजारी भावाइतकीच त्याला सांभाळणारी बहीणही महत्त्वाची आहे. चित्रपटाला पैसे देणं ही मानसिक आरोग्याची देणगी कशी, असं कोणी विचारेल. पण 'आमच्या घरातही हेच आहे' असं म्हणायला अनेक घरांना त्यातून तोंड फुटलं. लाज कमी करायलाही पैसा लागतो.

तिसरं उदाहरण विदर्भातलं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' हा प्रकल्प झाला. निधी टाटांच्या न्यासाचा होता. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या, त्यांच्या मागे समुपदेशक आणि अधूनमधून येणारे मानसोपचारतज्ज्ञ, अशी तीन पायऱ्यांची रचना होती. सुरुवातीला नैराश्य असलेल्या दर १०० माणसांपैकी जेमतेम ४ जण मदत घेत होते. दीड वर्षात ते प्रमाण २७ च्या आसपास गेलं. हा अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नवं रुग्णालय बांधलं म्हणून हा फरक पडला नाही. गावात रोज दिसणारी बाई या विषयावर बोलू लागली, म्हणून पडला.

चौथं उदाहरण 'आत्मीयता'चं. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाशी जोडलेल्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत हे काम सुरू केलं. पहिला निधी ग्रँड चॅलेंजेस कॅनडाचा होता. पुढे मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हच्या मदतीने ते गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर नेलं. गावातली विश्वासू माणसं निवडायची, त्यांना ऐकून घ्यायला आणि साधं समुपदेशन करायला शिकवायचं, मोबाइलवर छोट्या फिल्म द्यायच्या, आणि सरकारी योजनांचे अर्ज भरायलाही मदत करायला लावायची. निराधार बाईला पेन्शन सुरू झाली तर तिच्या मनावरचा भार हलका होतो, हे त्यांनी ओळखलं. मेहसाण्यात ६४५ गावांत शास्त्रशुद्ध तुलना करून पाहिलं, तेव्हा काम सुरू झालेल्या गावांत सुधारणा जास्त दिसली.

इथे एक गैरसमज दूर करू. आत्मीयतेची गावातली माणसं स्वयंसेवक आहेत, म्हणून काम फुकट होतं असं नाही. त्यांना शिकवणारे, त्यांच्या मागे उभे राहणारे, अवघड माणूस आला तर पुढे घेऊन जाणारे कार्यकर्ते पगारी असतात. स्वयंसेवक टिकतो तो पाठीशी कोणीतरी असेल तरच.

एका तालुक्याचा हिशेब

आता फळ्यावर एक हिशेब मांडू. हे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुमच्या भागात थोडे कमी-जास्त होतील.

समजा एका तालुक्यात ५० कुटुंबांना सोबत करायची आहे. दोन कार्यकर्त्या, प्रत्येकीला १८,००० रुपये मानधन, म्हणजे ३६,०००. त्यांचा प्रवास ६,०००. मानसोपचारतज्ज्ञांच्या महिन्यातून दोन भेटी आणि कार्यकर्त्यांना मार्गदर्शन, १०,०००. महिन्याच्या गटासाठी जागा, चहा, लांबून येणाऱ्यांचं भाडं, ३,०००. फोन, हिशेबनीस, ऑडिट, ५,०००. एकूण ६०,००० रुपये महिना, वर्षाला ७,२०,०००. एका कुटुंबामागे महिन्याला १,२०० रुपये.

बाराशे रुपये. त्या माउलीने देवऋषाकडे घालवलेली रक्कम आठवा, म्हणजे हा आकडा मोठा की लहान ते ठरवता येईल.

या ६०,००० पैकी ३६,००० मानधन आहे. देणगीदार म्हणाला, "पगार सोडून बाकीचं देतो," तर हिशेबात प्रवास उरतो, पण प्रवास करणारं माणूस उरत नाही.

पैसा येतो कुठून आणि अडतो कुठे?

मोठा ओघ कंपन्यांच्या सीएसआरचा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. आरोग्य त्यात येतं, म्हणून मानसिक आरोग्यही येतं. पण दोन ठिकाणी गाडी अडते. एक, नियमात प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. काही अधिकारी तीच संस्थेला लावतात आणि हिशेबनीसाचे पैसेही कापतात. संस्थांनी हे नम्रपणे दाखवून द्यावं, नियम आपल्या बाजूने आहे. दोन, अनेक वर्षांचा प्रकल्प घेता येतो, पण सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा. स्किझोफ्रेनियासारखा आजार काही तीन वर्षांचं वेळापत्रक पाळत नाही.

दुसरा ओघ परदेशातला. इथे एफसीआरए हा कायदा लागू होतो. २०२० साली त्यात बदल झाले. परदेशी निधी घेतलेली संस्था तो दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही. आधी शहरातली मोठी संस्था पैसे घ्यायची आणि तालुक्यातल्या छोट्या संस्थांना वाटायची, ती वाट बंद झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० वर आली. परदेशातून ऐकणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे दिलेत, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, धरली जाते. मग संस्थेकडे एफसीआरए नोंदणी आहे ना, हे आधी विचारा.

तिसरा ओघ तुमचा-आमचा. ८०जी म्हणून ओळखली जाणारी करसवलत बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीवर ५० टक्के मिळते, पण जुनी करपद्धत निवडली तरच. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही. हा ओघ बारीक असतो. पण वर्षानुवर्षं वाहतो तो हाच.

आमच्यावर आलेली वेळ

आमच्या गटाला एका कंपनीचा तीन वर्षांचा निधी होता. माणसं चांगली होती, वागणूक चांगली होती. तीन वर्षं संपली आणि त्यांचा विषय बदलला. मार्चअखेर पैसे थांबले. दोन ताईंपैकी एकीला दुसरी नोकरी बघावी लागली. तिच्याकडे वीस घरं होती. त्यातली निम्मी आम्ही कशीबशी सांभाळली. उरलेल्या घरांना नुसते फोन करत राहिलो. पावसाळ्यात कळलं की त्यातल्या एका मुलाने गोळ्या बंद केल्या होत्या. ऑगस्टमध्ये त्याला दाखल करावं लागलं. ताई येत राहिली असती तर हे टळलं असतंच, असा दावा आम्ही करणार नाही. पण त्याच्या आईने विचारलं, "ताई रागावल्या का आमच्यावर?" त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. निधी संपतो हे आम्हाला माहीत होतं, ते आम्ही कुटुंबांना आधी सांगितलंच नव्हतं. ही चूक आमची.

तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी पाळतो. निधी कधीपर्यंतचा आहे, हे पहिल्याच दिवशी कुटुंबाला सांगतो. एकाच देणगीदारावर निम्म्यापेक्षा जास्त भार टाकत नाही. आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय नवं गाव घेत नाही. काम हळू वाढतं, पण मागे सरकत नाही.

देणाऱ्यांनी काय विचारावं?

किती लोकांना लाभ झाला, हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याऐवजी विचारा: मागच्या वर्षीच्या कुटुंबांपैकी किती अजून संपर्कात आहेत? कार्यकर्ते किती वर्षं टिकलेत? त्यांचं ऐकून घेणारं कोणी आहे का? अवघड प्रसंगी कुठल्या डॉक्टरांकडे पाठवता? आमचा पैसा थांबला तर पुढे काय?

आणि शुभार्थींचे फोटो मागू नका. उपचार घेणाऱ्या माणसाची माहिती गुप्त ठेवणं हा त्याचा कायदेशीर हक्क आहे. तुमच्या वार्षिक अहवालात छापून आलेला चेहरा त्याच्या सोयरिकीच्या गावीही पोहोचतो.

सुरुवातीच्या काकांचं सांगायचं राहिलं. ते एका रविवारी येऊन गटात मागच्या बाकावर बसले, फार बोलले नाहीत. आता ते दर महिन्याला गटाला येणाऱ्यांचं एसटीचं भाडं देतात. मानधनाबद्दल त्यांचं मत अजून बदललेलं नाही, आमचा आग्रहही नाही.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*प्रश्न: हे सगळं सरकारचं काम आहे. आपण देणगीतून केलं तर सरकार हात झटकणार नाही का?*

ही भीती खरी आहे. म्हणून देणगीतून सरकारला समांतर दवाखाना काढू नये, सरकारी दवाखान्यापर्यंतची वाट बांधावी. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट्स यांनी मिळून 'उडान' हे काम हाती घेतलं, तेव्हा रुग्णालय सरकारचंच राहिलं. आमच्या गटातले लोक जिल्हा रुग्णालयात जातात, औषध संपलं असेल तर मिळून निवेदन देतात. एकटी आई बोलत नाही, पंधरा आया बोलतात. देणगीने मागणाऱ्यांचा आवाज वाढला तर सरकारला हात झटकणं उलट अवघड जातं.

*प्रश्न: आमच्या घरीच शुभार्थी आहे. उपचारात सगळे पैसे जातात. आम्ही काय देणार?*

तुम्ही आत्ता काही देऊ नका, आधी घ्या. जवळचा गट शोधा, १४४१६ ला फोन करा. पुढे केव्हातरी घरी जरा स्थिर झालं की नव्याने आलेल्या एखाद्या शुभंकराशेजारी तासभर बसा. कुठल्या खिडकीवर केसपेपर काढायचा, गोळीने झोप जास्त येते तेव्हा डॉक्टरांना काय सांगायचं, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? तो तास आमच्या जमाखर्चात लिहिता येत नाही. पण आमचे बरेच गट त्यावरच चालतात.